चार बोटांची उशी

१

ऑपरेशन थिएटरातून चोरीला गेलेली वस्तू एक उशी होती, आणि हे ऐकून वडवणीत लोक हसले. त्याच दिवशी, त्याच टेबलावर साखराबाईचा श्वास कोंडला नसता, तर हसण्यासारखंच होतं ते.

सोमवारी दुपारी घडलेली ही गोष्ट. शनिवारी सकाळी गहिनीनाथ गुरुजी दवाखान्यात आले तेव्हा काउंटरची काच दगडाने फुटलेली होती आणि तिथे पुठ्ठा लावलेला होता. गुरुजींनी चौतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी तालुक्यात दोन माणसांचं पटेनासं झालं की लोक म्हणत, गुरुजींना विचारा.

डॉ. वीरेश दवाखान्याचा मालक आणि सर्जन. त्याने गुरुजींना आपल्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः स्टुलावर बसला.

"गुरुजी, साखराबाईचं आतडं अडकलं होतं. दोन दिवस उलट्या. ताबडतोब ऑपरेशन करणं भाग होतं. भूल दिली आणि घशातून श्वासाची नळी काही जाईना. सहा-सात मिनिटं गेली. मग गेली, मी आतडं सोडवलं, पण बाई शुद्धीवर आलीच नाही. पाच दिवस बीडला मशीनवर आहे."

"भूल कोणी दिली?"

"धनश्रीनं. बीडहून यायची. आता ती म्हणते, माझी उशी कुणीतरी बदलली." वीरेशने कपाळावर हात मारला. "उशी! साखराबाईचा भाऊ बजरंग उद्या माणसं घेऊन येणार आहे. त्याला सांगितलं, गुरुजी ठरवतील. तुम्ही फक्त चार ओळी लिहून द्या की चूक भूल देणाऱ्या डॉक्टरची. मी तिच्याविरुद्ध तक्रार पाठवतो, दवाखाना वाचतो."

"ठरवायचं मी, आणि चार ओळी तू आधीच ठरवल्या आहेस," गुरुजी म्हणाले. "आठवीत पण तू उत्तर आधी लिहायचास आणि गणित मागून करायचास."

वीरेशने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"उद्या दहाला लोक येतील, गुरुजी. तोवर वेळ आहे तुम्हाला."

२

धनश्री मागच्या खोलीत बसली होती. धारूरच्या शाळेत दुसऱ्या बाकावर बसून सारखा हात वर करणारी मुलगी ती. आज तिचे दोन्ही हात मांडीवर पडले होते.

"सर, तुम्ही पण हसणार?"

"आधी शिकव. मग बघू हसायचं का ते."

तिने मांडीवरचे हात उचलले. मग म्हणाली, "धारूरच्या घाटात वळणापलीकडची गाडी दिसते का?"

"नाही."

"घसा तसाच आहे. तोंड एकीकडे, श्वासनलिका दुसरीकडे, मधे जिभेचं वळण. माणूस सपाट झोपला की मला जीभच दिसते, पलीकडचं काही नाही. पण डोक्याखाली चार बोटं उंच, टणक उशी ठेवली, मान पुढे आली आणि मग हनुवटी वर उचलली, की वळण बरंचसं सरळ होतं. कानाचं भोक आणि छातीच्या वरची ही खाच एका पातळीत आली पाहिजे." तिने गळ्याच्या तळाशी, हाडांच्या मधल्या खळग्यावर बोट ठेवलं. "सगळ्यांनाच एवढी गरज पडते असं नाही. साखराबाईंची मान आखूड आणि जाड. त्यांना पडणारच होती."

"म्हणून स्वतःची उशी आणायचीस."

"मीच बनवलेली. दाबून शिवलेली, हिरव्या अभ्र्यात. थिएटरबाहेर स्ट्रेचरवरच पेशंटच्या डोक्याखाली ठेवते, पातळी बघते, आणि उशीसकट टेबलावर घ्यायला सांगते. त्या दिवशीही बघितली. बरोबर होती. मग आत औषधं भरायला गेले. दहा मिनिटं."

"आणि मग?"

"पेशंट टेबलावर आल्या. डोक्याखाली हिरवा अभ्रा दिसला. वीरेश सर घाई करत होते, उलटी कधीही वर येईल अशी अवस्था. मी औषध दिलं. तोंड उघडलं, तर नुसती जीभ. डोकं खाली रुतलेलं. हात घातला तर अभ्र्यात काहीतरी मऊ, दबलेलं. माझी उशी नव्हतीच." तिने मान वळवली. "एकदा औषध दिलं की श्वास थांबतो, सर. मग घड्याळ माझं नसतं."

"उशी नंतर सापडली?"

"नाही."

गुरुजी उठले. दाराशी थांबून त्यांनी विचारलं, "या दवाखान्यात तुझ्यावर राग कोणाचा?"

धनश्रीची नजर खिडकीतून बाहेर गेली. तिथे थिएटरचा तंत्रज्ञ प्रविण मोटारसायकल पुसत उभा होता.

३

"आता माझ्यावरच येणार, माहीत होतं मला," प्रविण म्हणाला. "म्हणलो होतो मी, ही उशी एक दिवस नाल्यात फेकीन म्हणून. सगळ्यांसमोर म्हणलो होतो. दर वेळी उशी, उशी! हिला टेबल लागत न्हाई, मशीन लागत न्हाई, उशी लागती. चारचौघांत झापलंय मला तिनं."

"मग फेकलीस?"

"देवाशप्पथ न्हाई. मी आतून दार उघडलं, स्ट्रेचर आत घेतलं, बाईला हिरव्या उशीसकट टेबलावर सरकवलं. आत काय व्हतं ते मी कशाला बघू?"

"बरं. नळी शेवटी गेली ती कशी?"

प्रविणचा फडका थांबला.

"सांग की. नळी गेली हे तर खरं ना?"

"म्याडम वरडल्या, डोकं उचलून धर. मी दोन्ही तळवे खाली घातले अन् उचललं. असं." त्याने ओंजळ करून दाखवली. सीटवर टेकलेली ओंजळ चार बोटं वर गेली. "लगेच म्हणल्या, दिसलं. अन् नळी गेली."

"मग उशीचं काम कोणी केलं रे, प्रविण?"

त्याने आपल्याच तळव्यांकडे पाहिलं. "म्या," तो हळूच म्हणाला. "पर लई उशिरा."

गुरुजींना वर्गातला तो जुना क्षण आठवला. पोरगं फळ्यावर स्वतःच्याच हाताने गणित सोडवतं आणि स्वतःच दचकतं, तसा.

"आणखी काही आठवतं? लहानसहान."

"काय न्हाई. वास आलता. मेंढरांचा, लोकरीचा. डोकं उचललं तवा लई जवळून आला. म्हणलं, बाई मेंढरांतली हाय, येणारच."

"येणारच, असं तू ठरवलंस," गुरुजी म्हणाले. "तपासलं नाहीस."

४

छबुबाई गच्चीवर थिएटरच्या हिरव्या चादरी वाळत घालत होती. बारा वर्षं याच दवाखान्यात, रोग्याला आत नेण्याआधी तयार करण्याचं काम तिचं.

"गुरुजी, तुमी पन आलात का मला इचारायला? पोलिसाच्या वरताण झालं हे. उशी नेऊन मी काय, डोहाळजेवण करू त्या उशीचं?"

"छबुबाई, त्या दिवशी साखराबाईला तयार कोणी केलं?"

"म्याच. उलटीनं भरली व्हती बिचारी. गरम पाण्यानं सोता अंग पुसलं, केस धुतले, दवाखान्याचा झगा घातला, टोपी घातली. लुगडं न् समदं नवऱ्याकडं दिलं गाठोडं बांधून. लेकरावानी स्वच्छ करून दिलती."

गुरुजींनी मान हलवली. केस धुतलेली, अंग पुसलेली बाई. मग प्रविणला वास कशाचा आला?

"आणि अभ्रा? नंतर धुवायला तुझ्याकडेच आला असेल."

"आलता की मंगळवारी. कुणीतरी आत फडकं ठेवलतं. घडी मातर चांगली घातलेली. धुऊन टाकलं, ते काय तिकडं." तिने दोरीच्या टोकाकडे हात केला. "कुणी न्यायला येईना. दवाखान्यात फडकी लई राहत्यात."

हिरव्या चादरींच्या शेवटी एक फिकट गुलाबी कापड लोंबत होतं. दोरीवर एकेरी टाकलं तर दोन्ही टोकं खाली लोळतील एवढं. गुरुजींनी ते काढलं आणि कोपरापासून बोटापर्यंत मोजत गेले. एक हात, दोन हात... नऊ हात भरले. रुंदी थोडी. कडा विरलेल्या. मधोमध पीळ पडून पडून कापड कायमचं चुरगळलेलं, धुऊनही न गेलेलं.

"छबुबाई, त्या दहा मिनिटांत स्ट्रेचरपाशी कोण होतं?"

"कोन असनार? मी बादली ठेवायला गेलते. डाक्टर आत. प्रविण आत. कुनीच नव्हतं."

"कुणीच नाही?"

"कुनीच न्हाई, गुरुजी. घरचं मानूस तेवढं व्हतं."

गुरुजींनी कापडाची घडी केली आणि पिशवीत टाकली. मग बीडची एसटी कधी आहे ते त्यांनी छबुबाईला विचारलं.

५

बीडची एसटी तेलगावच्या बाजूने आलेल्या माणसांनी भरली होती. धनश्री शेजारी बसली होती. तिला आयसीयूत जायचं होतंच. त्या मोठ्या दवाखान्यातही ती काम करत असे, आणि पाचही दिवस ती साखराबाईपाशी जाऊन येत होती. नातेवाईक दिसले की मागच्या दाराने.

"सर, कोणी केलं ते कळलं तुम्हाला," ती म्हणाली. "तुम्ही गप्प झालात की कळतं."

"चोर कसा ओळखायचा, सांग. ज्याला तुझं वाईट करायचं, तो उशी पळवील. तो अभ्र्यात दुसरं काही भरील का?"

"फसवायला भरील."

"भरील, पण कोंबून. हे नीट घडी घालून ठेवलेलं होतं. म्हणजे ठेवणाऱ्याला त्या डोक्याची काळजी होती." गुरुजींनी पिशवीवर हात ठेवला. "अंगावर नऊ हात कापड घेऊन कोण फिरतं? आणि स्वच्छ धुतलेल्या बाईच्या डोक्याखालून मेंढरांचा वास कसा येतो?"

धनश्रीने पिशवीकडे पाहिलं आणि तोंडावर हात धरला.

आयसीयूच्या बाहेर बजरंग उभा होता, दंडाला पीळ भरलेला. धनश्रीला बघून तो पुढे आला. "ही कावून आली बे इथं?"

"माझ्यासोबत आली," गुरुजी म्हणाले. "तुझे दाजी कुठं आहेत?"

"ते काय, बसलेत. पाच दिवस झाले, बोलत न्हाईत. पटकाबी उतरून ठेवलाय. बाई उठल्याबिगर बांधत न्हाईत."

"असं ते म्हणाले?"

"म्हनायला कशाला पायजे? दिसतंय की."

भिंतीला टेकून आश्रुबा बसला होता. साठीचा, उन्हाने रापलेला माणूस. कपाळाचा वरचा भाग मात्र पांढराफटक, जन्मभर पटक्याखाली राहिलेला. मांडीजवळ गाठोडं. पाच दिवसांत सगळे त्याला काहीबाही सांगून गेले होते: इथे सही करा, हे औषध आणा, धीर धरा. विचारलं मात्र कुणीच काही नव्हतं.

गुरुजी त्याच्याशेजारी जमिनीवर बसले.

"आश्रुबा, पटका कुठंय?"

"वडवणीच्या दवाखान्यातच राह्यला, गुरुजी. तिच्या डोस्क्याखाली."

बजरंग वळला.

"कसा राहिला?"

"डाक्टरीनबाई आत गेल्या अन् हिनं डोळे उघडले. म्हनली, मान टोचतीया. उशी लई कडक व्हती, गुरुजी, वीट जशी. मान वर झालेली. अन् पोटातून उलटी चाललेली." आश्रुबाने हाताने हवेत मेंढीचं तोंड धरलं. "आमी मेंढराला नळीनं औषध पाजतो. थोबाड वर धरलं की औषध छातीत जातंय, मेंढरू मरतं. लहानपनी बापानं दोन मुस्काडात हाणून शिकवलंय मला. म्हणलं, हिची उलटी छातीत जाईल. मग कडक उशी काढली, मपल्या पटक्याची घडी करून आत घातली. मऊ. ती म्हनली, आता बरं वाटतंय."

त्याने गाठोडं सोडलं. लुगड्याच्या आत, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून, चार बोटं जाड, टणक उशी होती.

"बाईची वस्तू हाय. माघारी द्यायची व्हती. कुनी इचारलंच न्हाई." मग त्याने गुरुजींच्या तोंडाकडे पाहिलं. "कावून इचारता?"

६

गहिनीनाथ गुरुजींनी आयुष्यात एक नियम पाळला होता. पोराने प्रश्न विचारला तर खोटं उत्तर द्यायचं नाही. येत नसेल तर येत नाही म्हणायचं. हा नियम एवढा जड असेल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. गप्प राहिलं, तर धनश्रीचं नाव कायमचं जाणार. बोललं, तर हा माणूस उरलेलं आयुष्य स्वतःच्या हातांकडे बघत काढणार.

"आश्रुबा, मेंढराचं तुमचं खरं आहे," ते सावकाश म्हणाले. "पण मेंढरू जागं असतं, स्वतः गिळतं. इथं माणसाला झोपवतात. श्वासही थांबतो. मग डॉक्टरला आतली वाट डोळ्यांनी बघून नळी घालावी लागते. डोकं त्या उशीवर असलं तर वाट दिसते. खाली गेलं तर जीभ आड येते."

आश्रुबाने उशीवर हात ठेवला. बोटं आडवी लावून तिची उंची मोजली. एक, दोन, तीन, चार.

"म्हंजी मीच," तो म्हणाला.

"नाही, काका." धनश्री त्याच्यासमोर खाली बसली. "तुम्ही उशी काढली. पण औषध देण्याआधी डोक्याखाली हात घालून बघणं माझं काम होतं. बाहेर बघितलं, आत बघितलं नाही. हिरवा रंग दिसला आणि धरून चालले."

तिने हे सांत्वनासाठी म्हटलं नव्हतं. गुरुजींना ते ऐकताना जाणवलं की खरं उत्तर हे असंच, दोघांत वाटलं गेलेलं आहे. आणि पेशंटला एकटं सोडून दहा मिनिटं आत जाणाऱ्या, घाई करणाऱ्या, न बघता सरकवणाऱ्या सगळ्यांच्या वाट्याला त्यातलं थोडं थोडं येतं.

बजरंगच्या मुठी वळल्या होत्या. पण कुणावर, ते त्याला कळत नव्हतं.

"बजरंगा, खाली बस," आश्रुबा म्हणाला. पाच दिवसांत पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला. "उद्या वडवणीला दगड घेऊन जायचं न्हाई. मी येतो. चारचौघांत सांगतो, पटका मपला हाय."

रविवारी दहा वाजता त्याने तसं सांगितलं, बोडक्या डोक्याने, ती उशी हातात घेऊन, दवाखान्याच्या पायरीवर उभं राहून. लोक एकेक करून परत फिरले. गुरुजींनी चार ओळी लिहिल्या: चोरी झाली नाही. उशी काळजीपोटी बदलली गेली. तिचं काम काय, हे रोग्याला किंवा घरच्यांना कुणी सांगितलं नव्हतं. भूल देण्याआधी डोक्याखाली हात घालून कुणी पाहिलं नाही, यापुढे पाहावं. वीरेशने कागद दोनदा वाचला. मग लिहून ठेवलेली तक्रार त्याने टेबलावरच फाडली आणि "घाई माझी होती, हेही लिहा," असं म्हणून कागद परत पुढे केला.

दुपारी बीडहून फोन आला. साखराबाईच्या घशातली नळी आतून चोंदत आली होती. काढून दुसरी घालायला हवी होती, दोन तासांच्या आत. घरच्यांची सही हवी होती, आणि धनश्री तिथेच होती. तिने विचारलं होतं, दुसऱ्या डॉक्टरांना बोलवू का?

"दुसरं कशाला?" आश्रुबा फोनवर म्हणाला. "बाईलाच करू द्या. मी येईस्तोवर हात लावू नका म्हणावं. उशी मपल्यापाशी हाय."

बजरंग आणि गुरुजींसोबत बीडला पोचताच त्याने सही केली. आयसीयूच्या नर्सने त्याला हात धुवायला लावले, झगा घातला आणि दोनच मिनिटं आत घेतलं. साखराबाईचे डोळे मिटलेले होते. तिघांनी तिचं डोकं उचललं आणि आश्रुबाने ती कडक उशी खाली सरकवली. मग वाकून, डोळा बारीक करून, कानाचं भोक आणि छातीवरची खाच एका पातळीत आहे का ते पाहिलं. रानात उभं राहून लांबवरची मेंढरं मोजावीत तसं.

"अजून केसभर वर," तो म्हणाला.

धनश्रीने पाहिलं. केसभर वर हवीच होती. तिने चादरीची एक घडी खाली घातली आणि मग स्वतःचा हात उशीखालून फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

आश्रुबाला बाहेर आणलं. दार बंद होताना त्याने मधे पाय घातला. नर्स रागावली, पण गुरुजींनी तिला खूण केली आणि दार बोटभर फटीने उघडं राहिलं. आतून मशीनची टिकटिक आली. मग ती टिकटिक भराभर होऊ लागली. बजरंगने भिंतीला डोकं टेकलं. गुरुजी मनातल्या मनात आकडे मोजू लागले आणि वीसच्या पुढे मोजायचे थांबले.

"बाई," आश्रुबाने फटीतून हळूच विचारलं, "दिसतंय का?"

उत्तर यायला थोडा वेळ लागला.

"दिसतंय, काका."

टिकटिक हळूहळू पूर्वीसारखी झाली. साखराबाई अजून उठली नव्हती. उठेल का, हे तिथे कुणीच सांगू शकत नव्हतं. आश्रुबा खाली बसला. गुरुजींनी पिशवीतून धुतलेला गुलाबी पटका काढून त्याच्यापुढे धरला. त्याने तो घेतला, पण डोक्याला बांधला नाही. मांडीवर ठेवून घडी घालू लागला, एकावर एक, आणि दर घडीनंतर बोटं आडवी लावून उंची बघत राहिला.